जादा तासांचा हिशेब

कोथरूडच्या कर्वे रस्त्यावरील दुकानात आठवड्याला 54 तास राबणाऱ्याचा पगार महिन्याच्या ठरावीक आकड्यावर उरकणे चूकच. मूळ वेतन व विशेष भत्ता मिळून महिना 15,600 रुपये धरा. 26 ने भागल्यास रोज 600, आठ तासांच्या हिशेबाने तासाला 75. आधी हा दर सरकारी किमान वेतनाहून कमी नाही ना, हे तपासावे. मग 48 तासांचे 3,600 आणि वरच्या सहा तासांचे दुप्पट दराने 900. एकूण 4,500 रुपये.

‘पगारात सगळे आलेच’, असे मालक म्हणतात. पण महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा लागू असेल, तर जादा कामाला दुप्पट दर बंधनकारक आहे. धंद्याला हे जड जाते, हे खरे. तरी थकव्याची किंमत कामगारानेच का मोजावी?