धुक्यांत मोटार हांकतांना

पावसाळ्यांत मोटार जपून हांकावी, हें कोणासहि सांगावें लागत नाहीं. परंतु मार्गशीर्ष-पौषांतील कोरडी हवा पाहून चालक निर्धास्त होतो, आणि तेथेंच घात होतो. हिमालयांतील प्रवाशास रस्त्यावरील बर्फाचें भय. आपल्या आंबिवली-कल्याणकडे भय धुक्याचें.

हें धुकें येतें कोठून? निरभ्र व निवांत रात्रीं जमीन आपली उष्णता झपाट्यानें गमावते. तिला लागून असलेली हवाहि थंड होते आणि तींतील वाफ निवून सूक्ष्म जलबिंदु बनतात. जेथें ओलावा अधिक, तेथें धुकें अधिक दाट. उल्हास व काळू या दोन नद्या आपल्या परिसरांतून वाहतात. म्हणून पुलाजवळ व सखल शेतांत पहांटे धुकें सांचतें, आणि थोड्याशा चढावर पहावें तों रस्ता लख्ख मोकळा! मोकळ्या रस्त्यावरचा वेग घेऊन मोटार अशा धुक्यांत शिरते, हीच खरी अडचण.

आतां थोडें गणित करूं. मोटारीचा वेग ताशीं ६० किलोमीटर आहे. धोका ओळखून पाय ब्रेकवर जाण्यास एक सेकंद धरला, तरी तेवढ्यांत ती सुमारें १७ मीटर पुढें जाते; नंतर कोरड्या रस्त्यावर थांबावयास आणखी २० मीटर तरी लागतात. एकूण ३७ झाले. वेग ताशीं ३० ठेवल्यास हाच हिशेब सुमारें १३ मीटरांवर येतो. कारण ब्रेक लागल्यानंतरचें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. सारांश, जितकें दिसतें तितक्यांत थांबतां येईल इतकाच वेग असावा. बाकीचे नियम याच्याच पोटांत येतात.

दिव्यांविषयीं मात्र लोकांत मोठा गैरसमज आहे. अंधुक दिसूं लागतांच पुष्कळजण प्रखर झोत लावतात. तो प्रकाश जलबिंदूंवर आपटून चालकाच्याच डोळ्यांत परततो व समोर जणूं पांढरी भिंत उभी राहते. झोत खालीं करावा. चालत्या मोटारीचे चारी इशारादिवे लुकलुकत ठेवण्याची चालहि मला चुकीची वाटते. गाडी वळणार आहे कीं उभी आहे, हें मागच्यास उमगत नाहीं.

मुरबाडमार्गें माळशेज घाट चढून जुन्नरकडे जाणाऱ्यांनीं तर विशेष सावध असावें. त्या मुलखांत हिवाळा हा ऊसगाळपाचा हंगाम. उसानें भरलेल्या ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर पहांटेहि चालू असतात, आणि कित्येक ट्रॉल्यांस मागें दिवाच नसतो. सूर्य वर येऊन जमीन तापली कीं धुकें बहुधा आपोआप विरतें. तेव्हां पांचाऐवजीं आठ वाजतां निघण्यांत कसला कमीपणा?

विद्यार्थी मित्रहो, तुम्हीं मोटार चालवीत नसलां तरी त्याच रस्त्यानें शाळेस येतां. धुक्यांत गडद रंगाचा स्वेटर दिसत नाहीं. त्यावर पांढरें उपरणें किंवा रुमाल घ्यावा, आणि सायकलीच्या मागचें लाल भिंग रोज पुसावें.