दुकान उघडलं, पण कॉम्प्युटर उघडेना!



सकाळचे साडेनऊ. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं उभी आणि आपण स्क्रीनकडे बघत म्हणतोय, "एक मिनिट हं, चालू होतोय." तुमच्याकडे पण असं होतं का?

लायसन्सचा खर्च वाचावा म्हणून मी जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट टाकलं. सुरुवातीला मस्त चाललं. मग चॅट, क्लाउड, बॅकअप असं एकेक सॉफ्टवेअर वाढत गेलं आणि लॉगिन केलं की सगळी एकदम सुरू व्हायला लागली.

एक दिवस वैतागलो. मेनूतून 'स्टार्टअप अ‍ॅप्लिकेशन्स' उघडलं आणि दिसेल ते बंद केलं. कॉम्प्युटर पळायला लागला! पण आठवड्याने लक्षात आलं, बिलांचा बॅकअप घेणारा प्रोग्रामही त्यातच बंद झाला होता. आठ दिवसांची बिलं फक्त एका जुन्या हार्ड डिस्कवर. ती गेली असती तर कोणाकडे किती उधारी, हे कुठून काढलं असतं?

आणि गंमत बघा, चॅट मात्र रोज उघडतच होतं. कारण त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये 'आपोआप सुरू करा' चालू होतं. दुपारी मी ते हाताने उघडलं की ते आपली नोंद यादीत परत टाकायचं.

म्हणून आता मी असं करतो:

१. आधी यादी कागदावर उतरवा. प्रत्येकापुढे लिहा: लगेच हवं, थोड्या वेळाने चालेल, नको. नाव कळलं नाही तर हात लावू नका.

२. एका दिवशी एकच बंद करा. दुसऱ्या दिवशी बिल, प्रिंट, बॅकअप तपासा, मगच पुढचं.

३. 'थोड्या वेळाने'वाल्यांना मिंटमध्ये सेकंदांत डिले देता येतो. बॅकअपला मी असा डिले दिलाय. तोवर पहिलं बिल निघतं.

४. बंद केलेलं परत आलं, तर त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये बघा. होम फोल्डरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की लपलेला 'कॉन्फिग' फोल्डर दिसतो. त्यातल्या 'ऑटोस्टार्ट'मध्ये या नोंदी असतात.

दुकानातला माणूस कमी करताना आपण आधी विचारतो ना, याचं काम काय आणि उद्या ते कोण करणार? प्रोग्राम बंद करतानाही तेच विचारा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!