जुळलेली बोटे : दोष ग्रहणाचा नाही, आईचा तर नाहीच



या पानावर मी एरवी भातावरचा करपा नि आंब्यावरचा तुडतुडा घेऊन येतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे.

हेदवीच्या एका वाडीवर काजूची कलमे पाहायला गेलो होतो. पडवीत पाळणा होता. बाळाच्या उजव्या हाताचे मधले बोट आणि अनामिका कातडीने एकमेकांना चिकटलेली होती. आजी म्हणाली, "काय सांगू साहेब, सुनेने ग्रहणात विळीवर भाजी चिरली. सातवा महिना होता." सून मान खाली घालून आत गेली.

मग कारण काय?

पोटात बाळाचा पंजा सुरुवातीला वल्ह्याच्या पात्यासारखा सपाट असतो. सहाव्या ते आठव्या आठवड्यात बोटांमधल्या पेशी आपोआप मरतात आणि बोटे सुटी होतात. हे काम अर्धवट राहिले की बोटे जुळलेली राहतात. म्हणजे सातव्या महिन्यातल्या ग्रहणाच्या कितीतरी आधीच बोटे घडून गेली होती. विळीचा काय संबंध?

अंड्यातल्या कोंबडीच्या पिल्लाच्या बोटांतही आधी पडदा असतो. तो पुढे जातो, बदकाचा राहतो. निसर्गाची रीत तीच आहे.

साधारण २ ते ३ हजार जन्मांमागे एका बाळात हा दोष दिसतो, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त. पुष्कळदा घराण्यात कुणालाच नसतो. काही घरांत मात्र तो पिढ्यान् पिढ्या चालतो. तेथे आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो आणि प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता असते. होलस्टीन गुरांत खूर न दुभंगता अखंड राहण्याचा असाच दोष आहे, पण तो गाय आणि वळू दोघांकडून आल्याशिवाय दिसत नाही. तेव्हा एकट्या सुनेकडे बोट दाखवणे शास्त्राला धरून नाही.

उपाय आहे, पण वेळेवर

पायाची बोटे, बहुधा अंगठ्याशेजारची दोन, जुळलेली असतील तर चालण्याला अडचण येत नाही. सहसा काही करावे लागत नाही.

हाताचे तसे नाही. विळा धरायचा, लावणीला रोप धरायचे, पेन धरायचे, तर बोटे सुटी हवीत. अंगठा व तर्जनी किंवा अनामिका व करंगळी जुळली असतील, तर लांब बोट आखूड बोटाकडे वाकत जाते. म्हणून तेथे शस्त्रक्रिया सहा महिन्यांच्या सुमारास करतात. मधल्या बोटांची एक ते दीड वर्षाच्या सुमारास होते. शाळेत जाण्यापूर्वी काम उरकलेले बरे. आधी एक्स-रे काढून फक्त कातडी जुळली आहे की हाडही, हे पाहतात. डॉक्टर नागमोडी छेद घेतात आणि उघड्या जागी जांघेची कातडी लावतात. सरळ छेदाचा व्रण आखडून बोट वाकते. म्हणूनच घरी ब्लेड लावणे, दोरा आवळणे असले प्रकार चुकूनही करू नका. पुढे मूल वाढताना अधूनमधून दाखवत राहावे.

डोक्याचा आकार वेगळा असेल किंवा छातीची एक बाजू सपाट असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

सरपंच, ग्रामसेवक, अंगणवाडीताईंसाठी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचे तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. असे मूल त्या दिवशी घरी राहणार नाही, एवढे बघा. तोवर थांबायचेही कारण नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयाकडे चिठ्ठी घ्या. पुढे लागलेच, तर मुंबईच्या केईएममध्ये प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते आधी विचारून घ्या.

मी त्या आजींना हेच सांगितले, आणि आत गेलेल्या सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. तुमच्या वाडीतही असे बाळ असेल, तर आईला बोल लावू नका. बाळाला डॉक्टरकडे न्या.