स्वतःचे पुस्तक स्वतःच काढताना

बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेजवळ डोईफोडिया हे गाव आहे. राज्य मध्य प्रदेश, कचेरीची भाषा हिंदी. परंतु घरात मराठी बोलणाऱ्यांची वस्ती या मुलखात जुनी. अशा गावातील एखाद्या निवृत्त शिक्षकाने गावाचा इतिहास, जुन्या ओव्या किंवा स्वतःच्या आठवणी वहीत उतरविल्या, तर त्यांचे पुस्तक कोणी काढावे? पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाला खपाचा विचार करणे भाग असते, आणि त्यासाठी त्याला दोष देता येत नाही. मग राहतो तो स्वखर्चाचा मार्ग.

या मार्गात कमीपणा मानण्याचे कारण नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते नाकारले. पुढे १८६९ मध्ये ‘ब्राह्मणांचे कसब’ हे पुस्तक त्यांनी पदरच्या पैशाने छापून प्रसिद्ध केले, आणि ही हकीकत १८७३ च्या ‘गुलामगिरी’त स्वतःच नमूद करून ठेवली. नाकारलेले नाटक मात्र त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. दुसऱ्याच्या मर्जीवर राहिलेल्या हस्तलिखिताचे काय होते, ते यावरून दिसते.

आज छपाई पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. ऑफसेट छपाईत प्रती जितक्या अधिक तितकी एकेक प्रत स्वस्त पडते. म्हणून पाचशे-हजार प्रती काढण्याचा मोह होतो आणि त्यांतील निम्म्या माळ्यावर जातात. डिजिटल छपाईत पन्नास प्रतीही निघतात. प्रत महाग पडते, पण रक्कम अडकून राहत नाही. याही पुढे जाऊन, मागणी येईल तशी एकेक प्रत छापून ग्राहकाला धाडणाऱ्या संस्था आहेत. बंगळूरची ‘पोथी डॉट कॉम’ आणि चेन्नईची ‘नोशन प्रेस’ ही त्यांतील परिचित नावे. अॅमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तके २०१६ पासून घेतली जातात. तथापि ज्यांच्यासाठी ही आठवणींची वही लिहिली, ती गावातली माणसे पुस्तक हातात घेऊनच वाचणार, हे विसरून चालत नाही.

छापखाना निवडताना सीमाभागातील लेखकाने एक खबरदारी अवश्य घ्यावी. हिंदीची सवय असलेल्या अक्षरजुळणीकाराच्या हातून ‘ळ’चा ‘ल’ होतो, आणि ‘दऱ्या’ किंवा ‘सुऱ्या’ यांतील र तर हिंदीत नाहीच, त्यामुळे तेथे हटकून चूक होते. शिवाय युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर छापखान्याच्या श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत नेताना रफार आणि जोडाक्षरे विस्कटतात. दुसरे संकट याच्या उलट, शुद्धलेखनाच्या अभिमान्याचे. तो बोलीतील शब्द प्रमाणभाषेत ‘सुधारून’ टाकतो. बहिणाबाई चौधरींच्या कविता १९५२ साली बोलीसकट छापल्या गेल्या, म्हणूनच त्या तशा उरल्या. जळगाव, अकोला वा अमरावतीचा मराठी छापखाना गाठावा, आणि छापखाना कोणताही असो, शेवटचे मुद्रित लेखकाने स्वतः तपासावे.

खरा धोका मात्र छपाईत नाही, तो करारात आहे. लेखकाकडून ठराविक रक्कम घेऊन टंकन, मुखपृष्ठ, छपाई, विक्री असे सर्वच करून देणाऱ्या संस्था आता पुष्कळ झाल्या आहेत. त्यांत प्रामाणिक आहेत, तशा लेखकाच्या हौसेवरच चालणाऱ्याही आहेत. पैसे लेखकाने द्यायचे आणि हक्कही लेखकानेच सोडायचे, हा व्यवहार उफराटा होय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लिहिणाऱ्याला हक्क आपोआप मिळतो. त्यासाठी नोंदणी आवश्यक नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. सही केलेल्या लेखी करारावाचून तो दुसऱ्याकडे जात नाही, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांपुरतेच धरले जाते. तेव्हा ‘कायमचे सर्व हक्क’ असे शब्द दिसले की लेखणी खाली ठेवावी. ‘आयएसबीएन’ या पुस्तक-क्रमांकासाठीही पैसे मोजण्याचे कारण नाही. नवी दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो लेखकाच्या स्वतःच्या नावावर विनामूल्य देते.

आता हिशेब. पुस्तकाचा फर्मा बहुधा सोळा पानांचा. शहाण्णव पाने म्हणजे सहा फर्मे. मजकूर शंभराव्या पानावर गेला की सातवा फर्मा आलाच, म्हणून चार पाने कापण्याचे धैर्य लेखकाने दाखवावे. समजा, छपाई प्रतीला ऐंशी रुपये पडली आणि किंमत दोनशे ठेवली. विक्रेत्याने चाळीस टक्के कमिशन घेतले तर लेखकाकडे एकशेवीस येतात. चाळीस उरतात, आणि त्यांतूनच टपाल भागवायचे. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून सुरू केलेल्या ‘ज्ञान पोस्ट’ सेवेत तीनशे ग्रॅमपर्यंतचे पुस्तक वीस रुपयांत, कर वेगळा, पाठविता येते. पुस्तकावर मुद्रकाचे वा प्रकाशकाचे नाव मात्र छापलेले हवे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देते. त्याचे नियम हस्तलिखित छापखान्यात देण्यापूर्वी वाचावेत.

स्वतः पुस्तक काढणारा कायद्याने प्रकाशक ठरतो, आणि १९५४ च्या ग्रंथवितरण कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत त्याने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियुक्त ग्रंथालयांना स्वखर्चाने धाडावयाची असते. पन्नासच प्रती काढावयाच्या असल्या, तरी छपाई सांगतानाच या चार प्रती मोजून ठेवाव्यात.