वर्ध्याचे ढीवर

समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या वर्धा जिल्ह्यात ढीवर-भोई समाजाने वर्धा, धाम, वेणा या नद्यांच्या आणि पाटबंधाऱ्यांच्या तलावांच्या आश्रयाने मासेमारीचा पिढीजात व्यवसाय टिकवून धरला आहे. सहकारी संस्थेने तलावाचा ठेका घ्यावा, पावसाळ्यात रोहू, कतला, मृगळ यांची बोटुकली सोडावीत आणि सांजवेळी लावलेले जाळे पहाटे डोंग्यातून ओढून, ओल्या हातांना खवले चिकटलेले असतानाच मासळी बाजारास धाडावी, असा हा क्रम. समुद्रकाठच्या कोळ्यास वादळाचे भय, तर येथील ढीवरास पाणी आटवणाऱ्या वैशाखाचे. मात्र बर्फ, रास्त भाव आणि भांडवल यांची निकड दोघांसही सारखीच. म्हणून उत्तम मत्स्यबीज, शीतगृह व मुदतीचे कर्ज वेळेवर मिळाल्याखेरीज केवळ ठेक्याच्या कागदाने या समाजाचा उत्कर्ष होणे दुरापास्त आहे.