विद्युत् भारण प्रणाली, जुन्या मोटारगाडीतील
एंजिन चालू असताना विद्युत् घटमालेचे (बॅटरीचे) पुन्हा भारण करणारी आणि दिवे, प्रज्वलन इत्यादींना वीज पुरविणारी यंत्रणा. १९६० नंतर प्रत्यावर्ती जनित्राचा (अल्टर्नेटरचा) प्रसार होईपर्यंत मोटारगाड्यांत एकदिश जनित्र (डायनामो) वापरीत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत, तसेच मॉरिस ऑक्सफर्डवरून भारतात तयार झालेल्या आरंभीच्या अँबॅसडर गाड्यांत लुकास पद्धतीची १२ व्होल्टची प्रणाली आढळते. तिच्यातील बिघाडाचा दोष सहसा जनित्राला दिला जातो; पुष्कळदा तो तारांत व सांध्यांत असतो.

जनित्राला दोन अग्रे असतात : मोठे ‘डी’ आर्मेचरचे व लहान ‘एफ’ क्षेत्र गुंडाळीचे. दोन्हींच्या तारा नियंत्रक पेटीत जातात. पेटीतील नियामक क्षेत्र प्रवाह कमीजास्त करून विद्युत् दाब मर्यादेत ठेवतो, तर विच्छेदक (कट-आउट) जनित्राचा दाब पुरेसा झाल्यावरच त्याला घटमालेशी जोडतो.

पट्टा सैल नाही याची खात्री झाल्यावर जनित्राच्या दोन्ही तारा सोडवून ‘डी’ व ‘एफ’ अग्रे एकमेकांस जोडतात आणि ती व जनित्राचे कवच यांच्यामध्ये व्होल्टमापक लावतात. एंजिनाचा वेग सावकाश वाढविल्यास दाब न अडखळता वाढला पाहिजे. तो २० व्होल्टपलीकडे जाऊ देऊ नये. दाब मुळीच न आल्यास ब्रश, सुमारे १ व्होल्ट आल्यास क्षेत्र गुंडाळी आणि ४ ते ५ व्होल्ट आल्यास आर्मेचर संशयास्पद ठरते. जनित्र निर्दोष असल्यास हेच मापन तारांच्या पेटीकडील टोकांशी करतात. येथे दाब न मिळाल्यास तार तुटलेली असते.

गंजलेला सांधा शोधणे अधिक अवघड असते. एखादाच तंतू शाबूत असलेली तारही रोधमापकाला चांगली वाटते, म्हणून प्रवाह वाहत असतानाच सांध्याच्या दोन बाजूंमधील दाब मोजावा. ०·१ ओहम रोधातून २० अँपिअर प्रवाह गेल्यास २ व्होल्ट तेथेच खर्च होतात व ४० वॉट उष्णता निर्माण होते. एंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी वेणीदार पट्टी या दृष्टीने विशेष तपासावी. इशारादीप विझला म्हणजे भारण नीट होत आहे असे समजू नये. पेटी व घटमाला यांमधील सांधा सदोष असूनही तो विझतो.

एंजिन थांबल्यावरही विच्छेदकाचे स्पर्शक चिकटून राहिल्यास घटमालेतून जनित्रात मोठा प्रवाह उलट वाहतो. या मार्गात वितळतार (फ्यूज) नसल्याने तारांचे जुने निरोधन पेटू शकते. अशा वेळी प्रथम घटमाला सोडवावी. इतर दुरुस्तीपूर्वीही तसेच करावे.

१९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत घटमालेचे धन अग्र सांगाड्याला जोडीत. ही जोडणी बदलल्यास जनित्राचे अवशिष्ट चुंबकत्वही बदलावे लागते. त्यासाठी ‘एफ’ची तार काढून त्या अग्राला घटमालेच्या सांगाड्याशी न जोडलेल्या अग्रावरून क्षणभर तारेने स्पर्श करतात. ज्या अमेरिकन जनित्रांत क्षेत्र गुंडाळी नियामकातून सांगाड्याला जोडलेली असते, त्यांना ही रीत किंवा वरील जनित्र-चाचणी लागू पडत नाही.