वेगाची किंमत कोपर मोजते

८ जून २०१०. वॉशिंग्टनच्या नॅशनल्स पार्क मैदानावर २१ वर्षांचा एक उंच मुलगा मेजर लीग बेसबॉलमधला आपला पहिला सामना खेळायला उतरला. समोर पिट्सबर्गचा संघ होता. सात इनिंग आणि ९४ चेंडूंमध्ये त्याने १४ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले आणि एकालाही फुकटचा बेस दिला नाही. चेंडूचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. त्याचे नाव स्टीफन स्ट्रासबर्ग. आदल्या वर्षीच्या खेळाडू-निवडीत वॉशिंग्टन नॅशनल्सने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले होते आणि त्याच्याशी दीड कोटी डॉलरहून मोठा करार केला होता.

त्यानंतर अडीच महिनेही झाले नाहीत. २१ ऑगस्टला फिलाडेल्फियात एक चेंडू टाकून त्याने उजवा हात झटकला. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटला होता. ३ सप्टेंबरला शस्त्रक्रिया झाली आणि पुढचे वर्षभर चेंडू हातातून गेला.

बेसबॉल आपल्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पण या मुलाच्या हाताचे पुढे काय झाले, ही गोष्ट मुलाला किंवा मुलीला खेळाच्या अकादमीत घालणाऱ्या प्रत्येक घराने ऐकावी अशी आहे. वाढत्या शरीराकडून किती काम घ्यायचे, हा प्रश्न त्या गोष्टीच्या मुळाशी आहे.

पाच जणांची आळीपाळी

मेजर लीगच्या हंगामात प्रत्येक संघ सहा महिन्यांत १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळपास रोज एक. सामन्याची सुरुवात करणारा पिचर एका दिवसात ९०-१०० चेंडू पूर्ण ताकदीने टाकतो. दुसऱ्या दिवशी त्याचा हात पुन्हा तेच करण्याच्या अवस्थेत नसतो. म्हणून संघ साधारण पाच पिचर ठेवतो आणि ते आळीपाळीने उतरतात. यालाच रोटेशन म्हणतात. प्रत्येकाच्या वाट्याला दर पाचवा-सहावा दिवस येतो.

मधले दिवस सुट्टीचे नसतात. पहिल्या दिवशी हलके धावणे, खांदा मोकळा करणे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सरावाचे काही मोजके चेंडू. मग पुन्हा विश्रांती. स्नायूंना झालेली सूक्ष्म इजा भरून यायला हा वेळ लागतो. पूर्ण हंगाम खेळणारा पिचर असे तीसेक सामने खेळतो, १८० ते २०० इनिंग टाकतो, चेंडूंची संख्या तीन हजारांच्या घरात जाते.

कॉलेजात हाच मुलगा आठवड्यातून एकदा पिचिंग करत असतो आणि त्याचा हंगामही लहान असतो. त्यामुळे मेजर लीगमध्ये आल्यावर त्याला केवळ अधिक चांगल्या फलंदाजांशी सामना करायचा नसतो. दुप्पट लांबीचा हंगाम, कमी विश्रांती आणि महिनोन्‌महिने प्रवास, हे सगळे त्याच्या हाताला नवे असते. तरुण पिचरची जडणघडण म्हणतात ती मुख्यतः हीच.

कोपरात नेमके काय घडते?

पिचर हात मागे नेतो तेव्हा खांदा जवळजवळ उलटा वळतो आणि मग गोफणीसारखा पुढे सुटतो. खांद्याच्या या फिरण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७ हजार अंश मोजला गेला आहे. मानवी शरीराच्या सर्वात वेगवान हालचालींमध्ये तिची गणना होते. तोच वेग टिकला असता तर हात एका सेकंदात १९ वेळा गरगर फिरला असता.

या क्षणी कोपर आतल्या बाजूने उघडू पाहते. त्याला धरून ठेवतो तो दंडाचे हाड आणि पुढच्या हाताचे हाड यांना जोडणारा छोटासा अस्थिबंध. १९९५ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या संशोधकांनी मोजले, की या वेळी कोपरावर सुमारे ६४ न्यूटन-मीटर एवढा पीळ येतो. साध्या भाषेत, हात मागे आडवा करून तळहाताला २५ किलो तांदळाचा कट्टा लटकवावा, एवढा. प्रयोगशाळेत मृतदेहाच्या कोपरावर चाचण्या केल्या, तेव्हा हा अस्थिबंध एकटा ३२ ते ३४ न्यूटन-मीटरलाच तुटतो, असे दिसले.

मग प्रत्येक चेंडूला तो तुटत का नाही? कारण उरलेला भार हाताचे स्नायू आणि हाडांची रचना वाटून घेतात. इथेच थकव्याचा संबंध येतो. स्नायू थकले, की त्यांचा वाटा कमी होतो आणि तोच भार अस्थिबंधावर जातो. शिवाय स्नायू व्यायामाने काही महिन्यांत बळकट होतात, पण अस्थिबंधाला रक्तपुरवठा कमी असल्याने तो फार सावकाश बदलतो. तरुण खेळाडूचे इंजिन लवकर मोठे होते, दोरखंड मात्र जुनाच राहतो.

टॉमी जॉनचा हात

पूर्वी हा अस्थिबंध फाटला, की पिचरची कारकीर्द संपे. २५ सप्टेंबर १९७४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्स संघाच्या टॉमी जॉन या पिचरवर नवी शस्त्रक्रिया केली. त्याच्या दुसऱ्या हाताच्या मनगटाजवळची एक कंडरा काढून त्यांनी ती कोपराच्या हाडांत भोके पाडून ओवली. यशाची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. जॉन १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला आणि त्याच्या एकूण २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आज ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते.

ती कंडरा तुमच्याही हातात असण्याची शक्यता आहे. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट किंचित आत वाकवा. मधोमध दोरीसारखी उठून दिसते ती हीच. काही लोकांना ती जन्मतःच नसते आणि त्यांचे काही अडत नाही, म्हणून ती काढून वापरता येते.

पण कंडरा म्हणजे अस्थिबंध नव्हे. नव्या जागी रुजून, तिच्यात रक्तवाहिन्या शिरून, तंतूंची रचना बदलायला वर्ष-दीड वर्ष लागते. म्हणूनच परतल्यावरचे पहिले वर्ष सर्वात नाजूक मानले जाते.

१५९ इनिंगवर थांबा

२०१२ मध्ये नेमका हाच पेच उभा राहिला. स्ट्रासबर्ग परतला होता आणि पूर्वीइतकाच भेदक होता. २८ सामन्यांत १५ विजय, १९७ स्ट्राइकआउट. वॉशिंग्टनचा संघ ९८ सामने जिंकून बाद फेरीत पोहोचला. पण व्यवस्थापक माइक रिझो यांनी हंगामाआधीच ठरवले होते, की याला साधारण १६० इनिंगच्या पुढे न्यायचे नाही. आदल्या वर्षी याच शस्त्रक्रियेतून परतलेल्या जॉर्डन झिमरमनलाही त्यांनी १६१ इनिंगवर थांबवले होते. ८ सप्टेंबरला स्ट्रासबर्गचा हंगाम १५९ इनिंगवर संपल्याचे जाहीर झाले.

तो स्वतः संतापला. चाहते आणि माजी खेळाडू दोन तट करून भांडले. १२ ऑक्टोबरला निर्णायक सामन्यात वॉशिंग्टनने ६-० ची आघाडी घालवली आणि सेंट लुईसकडून ९-७ ने हार पत्करली. संघाचा सर्वोत्तम हात तेव्हा विश्रांती घेत होता.

निर्णय बरोबर होता का? २०१९ मध्ये उत्तर 'हो' असे वाटले. ३१ वर्षांच्या स्ट्रासबर्गने २०९ इनिंग टाकल्या, बाद फेरीत पाचपैकी पाच विजय मिळवले आणि वॉशिंग्टनला वर्ल्ड सिरीज जिंकून देत मालिकावीर ठरला. त्यानंतर त्याला सात वर्षांचा २४.५ कोटी डॉलरचा करार मिळाला.

त्या करारात तो एकूण आठ सामने खेळला. आधी हातात मुंग्या येऊ लागल्या, मनगटाच्या नसेवर शस्त्रक्रिया झाली. मग कळले, की गळपट्टीचे हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या अरुंद वाटेत हाताकडे जाणाऱ्या नसा दाबल्या जात आहेत. २०२१ मध्ये त्यासाठीही शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वर्षी एकच सामना, आणि २०२४ मध्ये अधिकृत निवृत्ती. जपलेले कोपर टिकले, हात मात्र दुसरीकडे निकामी झाला.

या कहाणीतून दोन्ही बाजूंचे लोक आपापला निष्कर्ष काढतात. पण एका खेळाडूवरून नियम सिद्ध होत नाही. आदल्या वर्षापेक्षा तीसहून जास्त इनिंग टाकणारा तरुण पिचर हमखास जखमी होतो, असा एक ठोकताळा अमेरिकेत लोकप्रिय होता. पुढच्या अनेक विश्लेषणांत त्याला भक्कम आधार मिळाला नाही. १६० हा आकडा जादूचा नव्हता. 'दुखेपर्यंत वाट पाहायची नाही, आधी मर्यादा ठरवायची' हे त्यामागचे तत्त्व मात्र शहाणपणाचे होते.

गुन्हेगार कोण? वेग

इनिंग मोजून प्रश्न सुटला नाही, कारण दरम्यान खेळच बदलला. २००८ मध्ये मेजर लीगमधल्या वेगवान चेंडूचा सरासरी वेग ताशी सुमारे १४७ किलोमीटर होता. २०२४ मध्ये तो सुमारे १५२ झाला. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगने दोनशेहून अधिक तज्ज्ञांशी बोलून अहवाल काढला. त्यातही वाढता वेग, चेंडूला अधिकाधिक फिरकी देण्याचा अट्टहास आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकण्याची सवय हीच प्रमुख कारणे दिली आहेत. पूर्वीचे पिचर काही चेंडू हात राखून टाकत. आज तशी चैन परवडत नाही.

त्यामुळे संघ आता केवळ इनिंग मोजत नाहीत. पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स हा २०२३ च्या निवडीतला पहिला खेळाडू. मे २०२४ मध्ये त्याला मेजर लीगमध्ये आणण्यापूर्वी संघाने खालच्या लीगमध्ये त्याचे चेंडू हळूहळू वाढवले आणि नंतरही अनेकदा त्याला एक दिवस जास्तीची विश्रांती दिली. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला. त्याच्या हाताचा खरा निकाल मात्र दहा वर्षांनीच लागेल.

पालकांनी काय घ्यावे?

मोठ्यांच्या दुखापतीची मुळे बहुधा शाळकरी वयात असतात. अमेरिकेत ४८१ बाल-पिचरांचा दहा वर्षे पाठपुरावा केला गेला. वर्षाला १०० हून अधिक इनिंग टाकणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट आढळला. दुसऱ्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची निरोगी मुलांशी तुलना केली. वर्षात आठ महिन्यांहून जास्त पिचिंग करणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता पाच पट होती, आणि हात थकलेला असतानाही नेहमी खेळणाऱ्यांमध्ये तब्बल ३६ पट. २०१४ पासून तिथे वयानुसार चेंडूंची मर्यादा सुचवलेली आहे: ११-१२ वर्षांच्या मुलाला एका दिवशी ८५ पेक्षा जास्त नाहीत.

हे आकडे क्रिकेटला जसेच्या तसे लावू नयेत. क्रिकेटमध्ये कोपर जवळजवळ सरळ राहते, त्यामुळे वेगवान गोलंदाजाच्या कोपराऐवजी कमरेच्या मणक्यावर ताण येतो आणि तिथे हाडाला चीर पडते. तत्त्व मात्र एकच आहे. म्हणून:

• मुलगा शाळा, क्लब आणि अकादमी अशा तीन ठिकाणी खेळत असेल, तर तिन्हीकडच्या चेंडूंची बेरीज एकाच वहीत लिहा. नेटमधले चेंडूही धरा. ही बेरीज कोणताच प्रशिक्षक आपणहून करत नाही.

• वर्षातून काही महिने तो खेळ पूर्ण बंद ठेवा, दुसरा खेळू द्या.

• 'हात दुखतोय', 'कंबर धरली' हे वाक्य सबब समजू नका. सोळा-सतरा वर्षांपर्यंत हाडांची टोके कच्ची असतात. दुखणे आठवडाभर राहिले, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

• दुखणे दाबणारी गोळी देऊन मुलाला सामन्याला पाठवू नका.

• 'शस्त्रक्रियेने हात आणखी वेगवान होतो' ही अमेरिकेतही पसरलेली समजूत आहे. ती खोटी आहे.

स्ट्रासबर्गकडे उत्तम डॉक्टर, पैसा आणि त्याला थांबवण्याची हिंमत असलेला संघ होता, तरी त्याचा हात शेवटी थकलाच. आपल्या मुलांच्या बाबतीत थांबवण्याचे काम करणारे सहसा कोणी नसते. ते घरच्यांनाच करावे लागते, आणि मुलगा चांगला खेळत असतो तेव्हाच ते सर्वात अवघड असते.